परदेशात दिलेला शब्द आणि निफाडचं पाणी

परराष्ट्र धोरण हा दिल्लीतला विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा निफाड तालुक्यात फिरून यावं. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा लासलगावच्या बाजारात भाव कोसळले आणि शेतकरी रस्त्यावर आले. त्याच काळात बांगलादेश, संयुक्त अरब अमिरात अशा मित्रदेशांना सरकारी मार्गानं ठरावीक कांदा जात होता. म्हणजे दोन देशांतली मैत्री कशाला म्हणतात आणि तिची किंमत कोण चुकवतं, हे आमच्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. 2010 मध्ये द्राक्षांत एका रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपनं माल अडवला, तेव्हाही हाच धडा मिळाला होता.

याच निफाड तालुक्यात आणखी एक आंतरराष्ट्रीय करार लागू आहे. त्याच्यासाठी कुणी रास्ता रोको करत नाही आणि निवडणुकीच्या सभेत त्याचं नावही निघत नाही. तो करार आहे नांदूर मध्यमेश्वरचा.

गोदावरी आणि कादवा जिथं एकमेकींना भेटतात, तिथं इंग्रजांच्या काळात बांधलेला बंधारा आहे. बंधाऱ्यामागं पाणी साचलं, त्यात गाळ बसला, गाळावर लव्हाळी आणि पाणवनस्पती वाढल्या, आणि शंभर वर्षांत तिथं एक उथळ पाणथळ तयार झाली. 1986 मध्ये तिला अभयारण्याचा दर्जा मिळाला. अडीचशेच्या आसपास जातींचे पक्षी इथं नोंदले गेले आहेत. हिवाळ्यात चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चित्रबलाक, कधी रोहित, कधी करकोच्यांचा थवा दिसतो. यातले कित्येक पक्षी मध्य आशिया आणि सायबेरियातून येतात. लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात.

2019 मध्ये या जागेची रामसर यादीत नोंद झाली आणि जानेवारी 2020 मध्ये ती जाहीर झाली. महाराष्ट्रातलं हे पहिलं रामसर स्थळ. लोणार आणि ठाण्याची खाडी त्यानंतर आल्या. नाशिकमध्ये पेढे वाटावेत अशी ही बातमी होती. वर्तमानपत्रांनी छायाचित्रं छापली, पुढाऱ्यांनी अभिनंदनाचे संदेश टाकले, रस्त्याकडेला पाट्या लागल्या. आणि तिथंच विषय संपला, हीच माझी तक्रार आहे.

रामसर म्हणजे बक्षीस नव्हे

रामसर हे इराणमधल्या, कॅस्पियन समुद्राकाठच्या एका शहराचं नाव आहे. 2 फेब्रुवारी 1971 ला तिथं पाणथळ जागांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारत 1982 मध्ये त्यात सामील झाला. भरतपूर आणि चिलिका ही आपली पहिली दोन स्थळं.

आपल्याकडे रामसरची नोंद एखाद्या पदकासारखी मिरवली जाते. खरं तर ती हमी आहे. एखादा देश आपली जागा या यादीत घालतो तेव्हा तो जगाला सांगतो की ही पाणथळ आम्ही जपू, तिच्या पाण्याचा आणि जमिनीचा वापर समजून करू, आणि तिचं नैसर्गिक रूप बिघडत असेल तर लपवणार नाही, कळवू. बिघाड झालेल्या स्थळांची वेगळी नोंदवही आहे, तिला मोन्त्रो नोंदवही म्हणतात. भारताचं भरतपूर आणि मणिपूरचं लोकटाक सरोवर तिच्यात अनेक वर्षं आहेत. चिलिकाही तिच्यात होतं. ओडिशानं तिथं समुद्राकडे नवं मुख उघडलं, मासेमारांना सोबत घेतलं, आणि 2002 मध्ये चिलिका नोंदवहीतून बाहेर आलं. म्हणजे बिघाड कबूल करण्यात नामुष्की नाही, आणि दुरुस्ती अशक्य नाही.

2014 मध्ये भारतात 26 रामसर स्थळं होती. आज ती नव्वदच्या वर आहेत. दरवर्षी जागतिक पाणथळ दिनाला हा आकडा अभिमानानं सांगितला जातो. यादी वाढली याचा मलाही आनंद आहे, कारण नाव असलेल्या जागेवर निदान प्रश्न विचारता येतो. पण स्थळांची संख्या जेवढ्या आवाजात सांगितली जाते, तेवढ्या आवाजात त्या स्थळांच्या पाण्याचा अहवाल कधी ऐकलाय का? किती गाळ साचला, किती पाणवेल काढली, पाण्यात प्राणवायू किती उरला, किती पक्षी आले आणि किती आले नाहीत, हे तालुक्याच्या फलकावर मराठीत कुठं लिहिलेलं दिसतं का?

ज्या इराणनं या कराराला आपल्या शहराचं नाव दिलं, त्याच इराणमध्ये उर्मिया हे प्रचंड खारं सरोवर आहे. तेही या यादीतलं जुनं नाव. धरणं, विहिरी आणि बेहिशेबी शेतीमुळं त्याचा बहुतेक भाग आटला. यादीत नाव असल्यानं पाणी थांबत नाही, हे यजमान देशातच दिसून आलं.

पाणी वरून येतं

नांदूर मध्यमेश्वरची अडचण नांदूर मध्यमेश्वरमध्ये सुरू होत नाही, ती वर, नाशिक शहरात सुरू होते. आगरटाकळी, तपोवन, चेहेडी इथं सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आहेत. तरीही सायखेडा आणि चांदोरीच्या पुलांखाली पाणवेलीचा हिरवा गालिचा साचतो. पाणवेल कशावर वाढते? आपल्या घरातून वाहून गेलेल्या खाद्यावर. ती पाण्याचा श्वास कोंडते, मासे मरतात, मासेमारांची जाळी रिकामी येते, डासांचा सुकाळ होतो. गोदावरीच्या प्रदूषणाचा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन कित्येक वर्षं झाली. शहरानं सोडलेलं पाणी खाली कुणाच्या दारात जातं, याचा विचार शहर करत नाही.

मी नाशिकमध्ये राहते. माझ्या घरातलं सांडपाणीही याच नदीत उतरतं. त्यामुळं हा लेख निफाडच्या शेतकऱ्याला उपदेश करण्यासाठी नाही, तो माझ्या शहराच्या विरोधात आहे.

दुसरी अडचण गाळाची. शंभर वर्षांत बंधाऱ्यामागं इतका गाळ बसला आहे की पूर आला की पाणी मागं फुगतं आणि सायखेडा, चांदोरीत घरांत शिरतं. 2019 च्या पुरात ते सगळ्यांनी पाहिलं. गावकरी गाळ काढा, दरवाजे वाढवा म्हणतात, तर पक्षीप्रेमी उथळ पाणी आणि दलदल राहिली नाही तर पक्षी उतरणार कुठं असं विचारतात. दोघांचं म्हणणं खरं आहे. अशा वेळी कुठला भाग उपसायचा, कुठला ठेवायचा, कोणत्या महिन्यात काम करायचं, हे ठरवणारा आराखडा लागतो. तो गावासमोर मांडावा लागतो. असा आराखडा चावडीवर वाचला जात नाही तोवर गावकऱ्याला पक्षी म्हणजे आपल्या पुराचं कारण वाटणार, आणि त्यात त्याचा दोष नाही.

तिसरी गोष्ट पाण्याच्या वाटपाची. या बंधाऱ्यातून निघालेले कालवे कोपरगाव, राहाता भागात जातात. वैजापूर, गंगापूरला जाणारा जलद कालवाही इथूनच निघतो. वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी सोडायचं ठरलं की तेही इथूनच पुढं जातं. आवर्तन कधी, किती दिवसांचं, यावर नाशिक, नगर आणि मराठवाड्याचे नेते तावातावानं भांडतात. भांडणारच, तो पोटाचा प्रश्न आहे. पण कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत पाणथळीच्या वतीनं बोलणारं कुणी असतं का? पिण्याचं पाणी, शेती, कारखाने, सगळ्यांचा हिस्सा मोजला जातो. ज्या जागेसाठी आपण सातासमुद्रापार शब्द दिला, तिच्या वाट्याला मात्र उरलंसुरलं येतं. हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरलेले असतात, आणि पातळी कधी अचानक चढते, कधी उतरते.

दिसणारा पाहुणा आणि न दिसणारा

आता सरकारला वन्यजीवांविषयी आस्था नाही असं म्हणावं, तर 17 सप्टेंबर 2022 चा दिवस आठवतो. पंतप्रधानांच्या वाढदिवशी नामिबियातून 8 चित्ते खास विमानानं आले. फेब्रुवारी 2023 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून आणखी 12 आले. देशभर थेट प्रक्षेपण झालं. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचं 1952 मध्ये जाहीर झालं होतं. तो परत यावा असं वाटण्यात काहीच वाईट नाही. आपला मूळ चित्ता आशियाई. तो आज फक्त इराणमध्ये, अगदी मोजक्या संख्येत उरला आहे. 1970 च्या दशकात इराणशी बोलणी झाली, पुढं तिथं क्रांती झाली आणि विषय बारगळला.

पण कुनोची गोष्ट चित्त्यापासून सुरू होत नाही. मध्य प्रदेशातलं हे जंगल गीरच्या सिंहांसाठी तयार केलं होतं. एकाच जंगलात सगळे सिंह असले तर एका साथीत सगळे जाऊ शकतात, म्हणून दुसरं घर हवं होतं. त्यासाठी कुनोतली 24 गावं उठवली गेली. त्यांत मुख्यतः सहरिया आदिवासी होते. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सहा महिन्यांत सिंह कुनोत हलवा. गुजरातनं आपले सिंह दिले नाहीत. आजही एकही सिंह तिथं गेलेला नाही.

विचार करा. आठ हजार किलोमीटरवरच्या नामिबियाशी करार करून चित्ते आणता आले, पण आपल्याच देशातल्या एका राज्यातून शेजारच्या राज्यात सिंह नेता आले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा आदेश असूनही. ज्या आदिवासींनी सिंहांसाठी घर सोडलं, त्यांना काय सांगणार?

आणि परदेशातून आलेली भेट फुकट नसते. नामिबियाशी झालेल्या करारात आंतरराष्ट्रीय व्यासपीठांवर सहकार्याचं कलम होतं. हस्तिदंत हा शब्द त्यात नव्हता. मात्र नोव्हेंबर 2022 मध्ये पनामात वन्यजीव व्यापारावरच्या परिषदेत हस्तिदंताच्या विक्रीला परवानगी देण्याचा प्रस्ताव मताला आला, तेव्हा वर्षानुवर्षं विरोध करणारा भारत तटस्थ राहिला. ज्या देशात हत्तीला देव मानतात, त्या देशाची ही तटस्थता. दोन घटनांत केवळ दोन-अडीच महिन्यांचं अंतर आहे. ज्याला जोडायच्या त्यानं त्या जोडाव्यात. मी एवढंच म्हणते की संसदेत यावर सविस्तर चर्चा व्हायला हवी होती.

दुसरं उदाहरण आपल्या महाराष्ट्राच्या जास्त जवळचं आहे, ते माळढोकाचं. फेब्रुवारी 2020 मध्ये स्थलांतरित प्राण्यांविषयीची आंतरराष्ट्रीय परिषद गांधीनगरला भरली. यजमान भारतानं परिषदेचं बोधचिन्ह म्हणून माळढोक निवडला, त्याला 'गिबी' असं लाडकं नाव दिलं. त्याच परिषदेत या पक्ष्याला सर्वोच्च संरक्षणाच्या यादीत घेतलं गेलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान आणि गुजरातमध्ये माळढोकाच्या वाटेतल्या विजेच्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, कारण हा जड पक्षी समोरची तार वेळेत पाहू शकत नाही आणि आदळून मरतो. सरकार न्यायालयात परत गेलं. म्हणालं, हे परवडणारं नाही, आणि हवामान बदलाबाबत आम्ही जगाला जो शब्द दिला आहे, तो पाळायला सौर ऊर्जा हवी. मार्च 2024 मध्ये न्यायालयानं आदेश सौम्य केला आणि समिती नेमली.

सौर ऊर्जा हवीच. पण यातली गंमत पाहा. एका परिषदेत दिलेला शब्द मोडायला दुसऱ्या परिषदेत दिलेला शब्द पुढं केला गेला. आणि आमच्या सोलापूरजवळच्या नान्नजला, जिथं 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे, तिथं आता एखादा पक्षी दिसला तरी बातमी होते.

चित्ता विमानातून उतरतो, त्याचा फोटो निघतो. थापट्या बदक रात्रीच्या अंधारात हिमालय ओलांडून, कुणालाही न कळवता चापडगावला उतरतं. त्याचं स्वागत करायला कुणी मंत्री जात नाही. पण परदेशाशी केलेला करार दोघांसाठीही तितकाच बंधनकारक आहे.

'हे परकीयांचं लचांड'

यावर एक ठरलेला आक्षेप येतो. हे सगळे करार गोऱ्या लोकांनी आपल्या माथी मारलेत, आपल्या विकासाला खीळ घालायचा हा डाव आहे, गरीब देशानं आधी माणसं पाहावीत, मग पाखरं.

मला हे म्हणणाऱ्यांना निफाडच्या द्राक्षबागेत न्यावंसं वाटतं. 2010 मध्ये युरोपनं माल अडवला तेव्हा कुणी म्हटलं का, की हे परकीयांचं लचांड आहे, आम्ही वाट्टेल ते फवारू? नाही. बागांची नोंदणी काटेकोर झाली, प्रयोगशाळेत नमुने तपासले गेले, कोणतं औषध किती दिवस आधी बंद करायचं याच्या याद्या शेतकऱ्यांनी पाठ केल्या. आज नाशिकचं द्राक्ष युरोपच्या दुकानात अभिमानानं बसतं, ते या शिस्तीमुळं. बाहेरचा नियम आपण पाळू शकतो हे आपणच सिद्ध केलं आहे. फरक एवढाच की द्राक्षं नाकारली की कंटेनर परत येतो आणि नुकसान त्याच दिवशी कळतं. बदकं यायची थांबली तर कुणाच्याही दारात काही परत येत नाही.

आणि माणसं आधी की पाखरं आधी, हा प्रश्नच निफाडला लागू होत नाही. ज्या पाण्यात बदक जगत नाही, त्याच पाण्यावर माणसांच्या विहिरी भरतात. ज्या गाळामुळं दलदल बिघडते, त्याच गाळामुळं सायखेड्याचं दुकान बुडतं. माणसं विरुद्ध पक्षी ही लढाई शहरात बसून लढवली जाते, नदीकाठी दोघं एकाच बाजूला असतात.

परकीय चलनाचा मोह बाजूला ठेवून आपण शहाणपणाचा निर्णय घेतल्याचं उदाहरणही आहे. एके काळी भारतातून बेडकांचे पाय टनावारी परदेशात जात. पैसा चांगला होता. मुंबईचे पक्षीशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांच्यासारखे लोक बेडूक काय खातो याचा अभ्यास घेऊन उभे राहिले. बेडूक शेतातली कीड खातो, तो गेला की तोच पैसा कीटकनाशकांत जाईल, अशी मांडणी झाली. 1987 मध्ये निर्यात बंद झाली.

सीमेपलीकडचं गिधाड

करार पाळले तर काय घडतं, हे पाहायला नाशिककरांनी लांब जायची गरज नाही. त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहे. त्याच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात. 2017 मध्ये अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून जाहीर केलं गेलं.

नव्वदच्या दशकात देशभरातली गिधाडं झपाट्यानं मरू लागली तेव्हा कारण कुणालाच कळत नव्हतं. कुणी म्हणे विषाणू, कुणी म्हणे विष. उत्तर मिळालं ते पाकिस्तानातल्या पंजाबमध्ये. तिथं मेलेल्या गिधाडांची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांनी 2004 मध्ये दाखवून दिलं की गुरांना वेदनाशामक म्हणून दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. 2006 मध्ये भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी या औषधावर बंदी आणली. गिधाड एका दिवसात शेकडो किलोमीटर उडतं, त्यामुळं एकट्या देशाच्या बंदीचा उपयोग झाला नसता.

त्या काळातही दोन्ही देशांत प्रेमाचे झरे वाहत नव्हते. तरी सीमेपलीकडच्या मेलेल्या गिधाडांवरचं संशोधन आपण नाकारलं नाही, म्हणून अंजनेरीच्या कड्यावर आज गिधाड दिसतं. शत्रूकडून आलेली माहिती म्हणून ती फेकून दिली असती, तर नुकसान कुणाचं झालं असतं?

उलटही घडलं आहे. सायबेरियन क्रौंच दरवर्षी रशियातून अफगाणिस्तान, पाकिस्तानवरून भरतपूरला यायचे. 1993 मध्ये त्यांच्यासाठी खास आंतरराष्ट्रीय समझोता झाला. पण वाटेत युद्ध होतं, शिकार होती, आटलेली तळी होती. 2002 नंतर भरतपूरला ते दिसले नाहीत. आपल्या बाजूनं भरतपूर राखूनही काम भागलं नाही, कारण वाटेतल्या प्रत्येक देशानं आपला वाटा उचलायला हवा होता. आपला वाटा आपण उचलला नाही, तर दुसऱ्याला काय तोंडानं सांगणार?

म्हणून पक्ष्यांच्या बाबतीत संशयाचं राजकारण मला हास्यास्पद वाटतं. मे 2023 मध्ये मुंबईत चेंबूरजवळ एक कबूतर पकडलं गेलं. त्याच्या पायातल्या कड्यावर चिनीसारखी अक्षरं होती, म्हणून हेरगिरीचा संशय. ते तैवानचं शर्यतीचं कबूतर असावं असं निष्पन्न झालं. तरी त्याला आठ महिने इस्पितळात राहावं लागलं. जानेवारी 2024 च्या अखेरीस ते आकाशात सोडलं गेलं. लोक हसले. नुसत्या संशयावर आत राहणं काय असतं, हे माणसांच्या बाबतीत मालेगावनं पाहिलं आहे. मालेगाव आमच्याच जिल्ह्यात आहे. त्यामुळं मला फार हसू आलं नाही.

संशयाची दुसरी बाजू म्हणजे स्वतःच्या चुकीला परदेशी नाव देणं. 'चायनीज मांजा' हे त्यातलंच. पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापणारा हा नायलॉनचा दोरा आपल्याच देशात बनतो आणि आपल्याच गल्लीत विकला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं 2017 मध्येच देशभर बंदी घातली आहे. येवल्याचा पतंगोत्सव आमच्या जिल्ह्याचं भूषण आहे, त्यात सगळ्या धर्मांची माणसं असतात. पतंगांच्या दुकानांत आपलीही माणसं आहेत. तेव्हा माझ्या मुस्लिम वाचकांना स्पष्ट सांगते, संक्रांतीला आपल्या मोहल्ल्यात हा मांजा विकला जात असेल तर तो थांबवणं हे आपलंच काम आहे. सरकारला बोल लावायचा तर आधी आपली गल्ली साफ हवी.

मागणी काय आहे

डॉ. सलीम अलींचं नाव आपण मुस्लिमांनी अभिमानानं घेतो. घ्यावंच. पण या माणसानं काय केलं, ते पोस्टरवर मावत नाही. स्वातंत्र्यानंतर भरतपूरचं पाणी शेतीसाठी वळवा अशी मागणी होती, तेव्हा त्यांनी नेहरूंपर्यंत जाऊन ते वाचवलं. त्यांनी सरकारकडून पुरस्कार घेतले आणि सरकारला अडचणीचे प्रश्नही विचारले. त्यांचा वारसा सांगणाऱ्यांनी हा दुसरा भाग विसरू नये.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि त्या खासदार, आमदार, महापालिका आणि वनविभाग, सगळ्यांसाठी आहेत.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याची दरमहा तपासणी व्हावी आणि तिचे आकडे मराठीत, गावात लावावेत. कालवा सल्लागार समितीत पाणथळीच्या वतीनं बोलणारा माणूस असावा, आणि हिवाळ्यात पाण्याची किमान पातळी ठरवून द्यावी. गाळाचा आराखडा सायखेडा, चांदोरी, चापडगाव, खानगाव थडीच्या ग्रामसभांत वाचून दाखवावा. ज्या शेतकऱ्याच्या पिकाचं पक्ष्यांमुळं किंवा वन्यप्राण्यांमुळं नुकसान होतं, त्याला भरपाई खेटे न घालता मिळावी. पक्षी दाखवणारे वाटाडे, नावाडी, राखणदार हे काठावरच्या गावांतलेच असावेत, म्हणजे पाहुण्यांचा फायदा गावालाही होईल.

आणि 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. लाखो भाविक गोदावरीत स्नान करतील. रस्ते, घाट, तंबू यांच्यासाठी मोठा पैसा येईल. त्यातला पुरेसा वाटा सांडपाण्याची केंद्रं सुधारायला जावा. मुसलमान बाईनं गोदावरीबद्दल का बोलावं, असं कुणी विचारेल. मी याच नदीचं पाणी पिऊन वाढले आहे, एवढं उत्तर पुरे. स्वच्छ नदी ही भाविकाची जितकी गरज आहे, तितकीच खालच्या गावांची आणि त्या पाण्यावर उतरणाऱ्या पाखरांची.

आमच्यात एक शब्दप्रयोग आहे, अमानतीत खयानत. विश्वासानं सांभाळायला दिलेल्या वस्तूत केलेली अफरातफर. नांदूर मध्यमेश्वर ही देशानं स्वतःहून जगासमोर स्वीकारलेली अमानत आहे. तिच्या नावाची पाटी लावून पाणी मात्र नासू देणं, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

येत्या 2 फेब्रुवारीला जागतिक पाणथळ दिन साजरा होईल. भाषणं होतील, रामसर स्थळांचा वाढलेला आकडा सांगितला जाईल. त्या कार्यक्रमाला जाणाऱ्या प्रत्येकानं व्यासपीठावरच्या पाहुण्यांना एकच विचारावं, नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्याचा गेल्या महिन्याचा अहवाल कुठं आहे? तो हातात येईपर्यंत टाळ्या वाजवू नयेत.